भोंडल्याचं रिंगण आणि फोनचा कॅमेरा



गेल्या काही भागांत आपण लढाया, किल्ले आणि छावण्या पाहिल्या. आजचा विषय मुलींच्या गाण्याच्या खेळांचा आहे. निवृत्त फौजी माणसाला हा विषय कुठून सुचला, असं कुणी विचारेल. तो मला माझ्या नातीने दिला. कसा, ते आधी सांगतो.

आम्ही मेटगळ्ळीला राहतो. म्हैसूर शहरातून कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा भाग लागतो. इथे टायरचा कारखाना आहे, नोटांचा छापखाना आहे, कामगारांच्या वसाहती आहेत. त्यांत नोकरीनिमित्त आलेली आणि मग इथलीच झालेली काही मराठी घरंही आहेत. दसऱ्याला म्हैसूरच्या राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत चामुंडेश्वरीची मिरवणूक निघते. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन हत्ती चालतो आणि ते बघायला देशभरातून माणसं येतात. त्याच नवरात्रात आमच्या दिवाणखान्यात दुसरा एक हत्ती असतो. तो पाटावर रांगोळीने काढलेला असतो आणि त्याच्याभोवती मुली फेर धरतात. हा आमचा भोंडला. बायकोने तो निपाणीहून आणला आणि इथे टिकवला.

शेजारच्या कन्नड मुलीही येतात. त्यांच्या घरी त्या दिवसांत गोंबे हब्ब असतो. पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, मधोमध राजाराणीची लाकडी जोडी, म्हणजे पट्टद गोंबे. मुली घरोघरी बाहुल्या बघत फिरतात, गाणी म्हणतात, खाऊ घेतात. त्यामुळे भोंडला त्यांना परका वाटत नाही. शब्द कळले नाहीत तरी पाय बरोबर पडतात, आणि खिरापत ओळखायची वेळ आली की आवाज त्यांचाच मोठा असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सुनेने या भोंडल्याचा व्हिडिओ काढला आणि एका मंचावर टाकला. हेतू साधा होता, कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांनी पाहावा. मीही पाहिला. पाहताना पहिल्यांदा डोळ्यात भरली ती रचना. आयुष्यभर तुकड्या उभ्या केल्या, त्यामुळे नजर तिकडेच जाते. मुली गोलात नव्हत्या. पाटाच्या मागे अर्धगोल करून, फोनकडे तोंड करून उभ्या होत्या. मी हसलो. म्हटलं, भोंडल्याची परेड झाली.

तीन-चार दिवसांनी हसणं थांबलं. व्हिडिओ नातेवाइकांच्या बाहेर कुठल्या कुठे गेला होता. खाली अनोळखी पुरुषांचे शेरे होते, अकरा वर्षांच्या मुलींच्या अंगावर केलेले. ते मी इथे उच्चारणार नाही. सुनेने तक्रार नोंदवली. यात नियमभंग दिसत नाही, असं छापील उत्तर आलं. शेवटी तिने व्हिडिओच काढून टाकला. पण नातीने ते शेरे आधीच वाचले होते. पुढच्या नवरात्रात आजीने पाट मांडला तेव्हा ती मला म्हणाली, "आजोबा, मी हत्ती काढते. गाणार मात्र नाही."

या वाक्यामुळे मी पुस्तकं उघडली. मुलींचा हा खेळ नक्की काय आहे आणि तो चव्हाट्यावर आला की त्याचं काय होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी आपल्या घरचा इतिहास पाहू. सूर्य हस्त नक्षत्रात येतो, साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास, तेव्हापासून भोंडला. कुठे याला हादगा म्हणतात. विदर्भात भुलाबाई आणि खानदेशात गुलाबाई बसते. खेळ वेगळे, दिवस थोडे मागेपुढे, पण गाण्यांचा विषय बहुतेक एकच, सासर आणि माहेर. कारल्याचा वेल वाढून त्याला कारली लागेपर्यंत सुनेला माहेरी धाडायचं टाळणारी सासू आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आज दहा वर्षांची मुलगी हे गाते तेव्हा आपल्याला गंमत वाटते. पण ही गाणी रुजली त्या काळात दहा वर्षांची मुलगी खरोखरच सून असायची. आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, रमाबाई रानड्यांचं अकराव्या वर्षी. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वय दहाचं बारा केलं, त्यावर केवढं रण माजलं हे आपण एका भागात पाहिलंच आहे. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा सारडा कायदा १९२९ चा.

अशा मुलीला सासरी मोठ्याने बोलायची सोय नव्हती. पण पाटाभोवती फेर धरला की तिला सासूची, नणंदेची, अगदी नवऱ्याचीही टर उडवता यायची. ती गाण्यात होती, म्हणून कुणी रागवायचं नाही. मंगळागौरीचंही तसंच. श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा चालायचा आणि त्या रात्री पुरुषांचा तिथे वावर नसे. वाद्य नाही. ताल टाळ्यांचा, पायांचा आणि तोंडाने घेतलेल्या पकव्याचा. जी पाहते तीच खेळते, वेगळा प्रेक्षक नाही.

रिंगणात प्रत्येकीचं तोंड आत आणि पाठ बाहेर असते. संरक्षणासाठी सैनिक गोल करतात तेव्हा तोंडं बाहेर असतात, कारण धोका बाहेर असतो. मुली पाठ बाहेर करू शकत होत्या, कारण भोवतीचं अंगण, घर आणि वडीलधाऱ्या बायका यांनी तो पहारा सांभाळलेला असायचा. त्या पहाऱ्यातच त्यांना मोकळं होता यायचं. आमच्या व्हिडिओत पाठी फिरून तोंडं बाहेर आली होती आणि पहाऱ्यावर कुणीच नव्हतं.

आता थोडं लांब जाऊ. या विषयावर सर्वांत बारकाईने काम झालंय ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींच्या खेळांवर. तिथे जाण्याची वाट मला फौजेतूनच सापडली. मे १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकमला विली डकवर्थ नावाच्या कृष्णवर्णीय शिपायाने थकलेल्या तुकडीची पावलं जुळावीत म्हणून एक हाळी रचली. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी चालता चालता उत्तर द्यायचं. ती साऱ्या अमेरिकी सैन्यात पसरली. पुढे ते गाणं छापलं गेलं तेव्हा डकवर्थच्या नावाशेजारी कर्नल बर्नार्ड लेंट्झ यांचंही नाव लागलं. कर्नलांचं नाव कसं लागतं हे आम्हा फौजी लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. तरी शिपायाचं नाव राहिलं, आणि मानधनही त्याला मिळालं.

हाक आणि उत्तर हाच ताल कृष्णवर्णीय मुली शाळेच्या अंगणात, फुटपाथवर पिढ्यान् पिढ्या वापरत होत्या. समोरासमोर टाळ्यांचे खेळ आणि दोरीवरच्या उड्या. त्यातला डबल डच नावाचा प्रकार अवघड आहे. दोन दोऱ्या उलट-सुलट फिरतात, मुलगी मध्ये शिरते, उड्या मारते आणि त्याच तालावर गातेही. कायरा गॉन्ट या स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या संगीत अभ्यासकांनी २००६ मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं असं की या खेळांना पोरखेळ म्हणून सोडून देऊ नका. इथे मुलींच्या अंगात संगीत मुरतं. ताल सोडून परत पकडणं, एकीने टाकलेली ओळ दुसरीने उचलणं, हे त्या कुठल्याही उस्तादाशिवाय शिकतात. रेडिओवरच्या पुरुषांच्या गाण्यांतून मुली काही उचलतात हे खरं, पण मुलींच्या खेळांतून पुरुषांनीही भरपूर उचललंय. २००० साली नेली या रॅपरचं एक गाणं फार गाजलं. त्याचं धृपद मुलींच्या टाळ्यांच्या एका जुन्या गाण्यावर बेतलेलं होतं. शिपाई डकवर्थचं नाव राहिलं, पण हे गाणं अंगणात घडवणाऱ्या मुलींचं नाव कुठेच नाही.

डबल डचचंही तसंच झालं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन पोलिसांनी, डेव्हिड वॉकर आणि युलिसिस विल्यम्स यांनी, त्याला स्पर्धेचं रूप दिलं आणि पुढच्याच वर्षी पहिली मोठी स्पर्धा झाली. हेतू चांगला होता. मुलींना मैदान मिळालं, बक्षिसं मिळाली. पण स्पर्धेत उड्यांची मोजणी, वेग आणि ठरलेल्या कसरती पुढे आल्या आणि गाणं मागे पडलं. गाण्याला गुण कसे द्यायचे?

मग आलं इंटरनेट. गॉन्टबाईंनी पुढे यूट्यूबवरचे मुलींचे व्हिडिओ अभ्यासले. आपल्या खोलीत, मैत्रिणींसाठी नाचलेल्या कृष्णवर्णीय मुली. त्यांना दिसलं ते आमच्या घरच्या अनुभवाला फार जवळचं आहे. खोलीतला नाच जगासमोर जातो आणि खोली मात्र मागे राहते. मुलगी कुणासाठी, कुठल्या थट्टेत, कुठल्या वयात नाचली हे गळून पडतं आणि उरतं फक्त अंग. शेरे तिला सोसावे लागतात. मागे वाजणाऱ्या गाण्याची कमाई कंपनीकडे जाते. तोच नाच एखाद्या गोऱ्या गायिकेने केला की तो धाडसी ठरतो.

नाव हरवण्याचं ताजं उदाहरण २०१९ चं आहे. अटलांटाजवळ राहणाऱ्या जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने घरी एक नाच बसवला आणि मैत्रिणीबरोबर तो इन्स्टाग्रामवर टाकला. तो टिकटॉकवर पोचला, त्याच टिकटॉकवर जिच्यावर आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी आली. दुसऱ्या मुलींनी तो केला आणि त्या प्रसिद्ध झाल्या. कोट्यवधी लोक तिच्या हालचाली करत होते, पण तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिची हकीकत छापली, तेव्हा कुठे श्रेय मिळालं. त्याच महिन्यात बास्केटबॉलच्या मोठ्या सामन्यात तिने तो नाच सादर केला. २०२१ च्या जूनमध्ये तर तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी ठरवून एका नव्या गाण्यावर नाच बसवायचंच नाकारलं. आम्ही थांबलो तर तुमच्याकडे उरतं काय, हे त्यांना दाखवायचं होतं.

कृष्णवर्णीय मुली म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. पण आमच्या कर्नाटकातच, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आणलं होतं आणि गोव्यातून निसटून ते या जंगलात वसले. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे त्या समाजातले पहिले आमदार विधान परिषदेत नेमले गेले. त्यांची घरची बोली कोकणीला जवळची. त्यांचा डमाम नावाचा ढोल प्रसिद्ध आहे आणि त्यांच्या बायकांत फुगडीही आहे. म्हणजे आपल्या मंगळागौरीची मावसबहीणच. सिद्दी वस्त्यांत जाऊन काढलेले प्रवासी लोकांचे व्हिडिओ मी बरेच पाहिले. शीर्षक बहुधा एकाच थाटाचं, भारतातलं आफ्रिका. मुली नाचताना दिसतात. गाणं कुणाचं, कुणी शिकवलं, नाचणाऱ्या मुलीचं नाव काय, हे मी पाहिलेल्यांत क्वचितच सांगितलं होतं. ज्यांच्या तिथे चारशे वर्षं झाली, त्यांच्याकडे आजही पाहुण्यासारखं बघितलं जातं.

हे पाहून आपण हळहळतो. पण आपल्या घरात नावं कितपत जपली गेली? साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'अपौरुषेय वाङ्मय'. वेदांना लावायचा शब्द त्यांनी स्त्रीगीतांना लावला आणि त्यात मिश्कील अर्थही ठेवला, की हे पुरुषांनी रचलेलं नाही. या तिघांचे उपकार मोठे आहेत, त्यांच्यामुळे गाणी वाचली. पण छापील पानावर ओवी आली तरी ती सांगणारी बाई बहुधा आली नाही. गाणं 'लोकांचं' झालं.

सिनेमाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'त पिंगा आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, यावर वाद झाला. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती रास्त होती. पण त्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पिंगा हा मुळात प्रेक्षकांसाठी नसलेला खेळ. तो समोर पाहणाऱ्यासाठी मांडला की पिंगा राहतो का?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात परंपरेने आलेल्या गाण्याला मालक नाही. पण एखाद्या कंपनीने ते ध्वनिमुद्रित केलं की त्या मुद्रणावर तिचा ६० वर्षं हक्क. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्यालाही हक्क मिळाला, आज तो ५० वर्षांचा आहे. म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या मुलींचाही कागदोपत्री हक्क आहे, पण तो बजावणार कोण? मुलांच्या सुरक्षिततेबाबत हालचाल झाली ती उशिरा. फेब्रुवारी २०१९ मध्ये यूट्यूबने लहान मुलं असलेल्या बहुतेक व्हिडिओंखालचे शेरे बंद केले, कारण तिथे नको ते लोक जमत असल्याचं उघड झालं होतं. त्याच वर्षी मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून त्यांना अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक केली. चांगलं झालं. पण आमच्या बाबतीत व्हिडिओ पालकांनीच टाकला होता. संमती होतीच, फक्त पहारा नव्हता.

मग दारं लावून घ्यायची का? इथे मला दुसऱ्या बाजूचं एक उदाहरण महत्त्वाचं वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुढे गावोगाव सहकाऱ्यांबरोबर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, आवाजासकट. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव येतं, गाव येतं, तिचा व्यवसाय येतो, शक्य तिथे फोटो येतो. तेच इंटरनेट आहे. फरक इतकाच की मांडणाऱ्यांनी आधी जाऊन बाईच्या ओसरीवर बसकण मारली, तिला विचारलं, आणि ती मोठी बाई स्वतः हो म्हणाली.

यातून मला जे कळलं ते असं. मुलींचा खेळ बाहेर नेताना दोन गोष्टी हरवतात, नाव आणि पहारा. छपाईत नाव हरवलं. सिनेमात रिंगण उघडलं. फोनने दोन्ही एकदम केलं, आणि तेही आपल्याच हातून, कौतुकाच्या भरात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नावाची काळजी वाटते. आजोबा म्हणून पहाऱ्याची.

गेल्या नवरात्रात आम्ही काय केलं ते सांगून थांबतो. नातीने हत्ती काढला. मग बायकोने सगळ्यांचे फोन गोळा करून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवले, माझासुद्धा. मला सांगितलं, "तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसा." मी खुर्ची घेऊन पायरीशी बसलो. फौजेतली पहिली ड्यूटी पहाऱ्याची होती, पुन्हा तीच आली. आत पहिल्या दोन गाण्यांत नातीचा आवाज नव्हता, मी कान देऊन होतो. तिसऱ्या गाण्यात शेजारची कन्नड मुलगी मराठी शब्द भलतेच म्हणायला लागली, तेव्हा तो दुरुस्त करायला नात बोलली, आणि मग गायलाच लागली. खिरापत काय होती ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आणि नात एक वही घेऊन बसल्या. गाण्यापुढे लिहिलं, हे कुणाकडून आलं. निपाणीची मावशी, तिच्या शेजारची शिंपीणकाकू, एक बेळगावची मैत्रीण. काहींपुढे नुसतं 'आईची आई' आहे, कारण नाव आजीलाही आठवेना. तीन पिढ्यांत आमच्याच घरातून एक नाव पुसलं गेलं.

तर मंडळी, हा भाग ऐकून किंवा वाचून झाला की एक करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, भोंडल्याचं, हादग्याचं, भुलाबाईचं तुझं पहिलं गाणं तुला कुणी शिकवलं? नाव आणि गाव लिहून ठेवा. मुलींचा व्हिडिओ मात्र मला पाठवू नका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.